स्ट्राँग पिणाऱ्यांना नावं ठेवणाऱ्यांनो

दुपारपासून डोकं तापलंय. बाणेरच्या एका मायक्रोब्रुअरीत, म्हणजे जागेवरच बिअर बनवणाऱ्या बारमध्ये, ऑफिसची पार्टी होती. शेजारचा सहकारी ग्लास नाकाशी नेत म्हणाला, "आपल्या लोकांना बिअर कळतच नाही रे. नुसती स्ट्राँग ढोसतात." सगळं टेबल हसलं. मला माझे मामा आठवले.

मामा वाळूजला एमआयडीसीत प्रेस शॉपमध्ये होते. पगार झाला की बिअर शॉपीतून एकच बाटली आणायचे, 650 मिलीची, स्ट्राँग. लेबलवरचं पाणी अंगठ्यानं पुसायचे आणि बारीक अक्षरातली ओळ मला दाखवायचे: अल्कोहोल पाच टक्क्यांहून जास्त, आठहून जास्त नाही. माइल्ड, म्हणजे पाच टक्क्यांपर्यंतची, त्याच फ्रिजमध्ये असायची, थोडी स्वस्तही. मामा म्हणायचे, "चार पैसे वाचवायचे अन् चढायचीच नाही, तर घ्यायची कशाला?"

करा ना हिशोब. आठ टक्केवाल्या बाटलीत 52 मिली अल्कोहोल, पाचवाल्या बाटलीत साडेबत्तीस. किमतीत फरक जेमतेम. ज्याला महिन्याला एकच बाटली परवडते तो कुठली उचलेल? देशभर स्ट्राँगच जास्त खपते ती याच हिशोबानं. साडेचारशेचा ग्लास खिशाला झेपायला लागला की मग चवीच्या गप्पा सुचतात. पुण्यात 2009 ला डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली, त्याआधी त्या टेबलावरच्या कितीजणांनी व्हीट बिअरचं नाव ऐकलं होतं?

आणि चव नव्हती म्हणता? भाकरीचा एक घास मोडला की ज्वारी मालदांडी आहे की हायब्रीड, हे मामा सांगायचे. मामी मुद्दाम पीठ बदलून बघायची, तरी ओळखायचे. त्या माणसाला चव शिकवणार तुम्ही?

स्ट्राँगनं तब्येतीची वाट लागते, मान्य. पण मग लोकांनी हलकी प्यावी असं वाटतं तर ती स्वस्त का नाही? ब्रिटनमध्ये 1 ऑगस्ट 2023 पासून कर अल्कोहोलच्या प्रमाणात लावला आणि 3.5 टक्क्यांखालच्या बिअरला कमी दर दिला. झालं, कंपन्यांनी आपणहून कितीतरी बिअर 3.4 टक्क्यांवर आणल्या. कुणाला चवीचं व्याख्यान द्यावं लागलं नाही.

आपल्याकडे बिअरवरचा कर तिच्यातल्या अल्कोहोलच्या मानानं जास्त पडतो, ही कंपन्यांची तक्रार. त्यावर 2023 मध्ये राज्य सरकारनं समिती नेमली तर केवढा गहजब झाला, "सरकार बिअर पाजायला निघालं" म्हणून! कंपन्यांचा मला पुळका नाही. संगनमतानं भाव ठरवले म्हणून स्पर्धा आयोगानं 2021 मध्ये बड्या बिअर कंपन्यांना 873 कोटींचा दंड ठोकला होता, ते विसरलेलो नाही. पण कराचा मुद्दा खोटा नव्हता. व्हिस्की-रमच्या क्वार्टरमध्ये, म्हणजे 180 मिलीत, 77 मिली अल्कोहोल असतं. जून 2025 मध्ये अशा, भारतातच बनणाऱ्या 'विदेशी' मद्यावरचा कर उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केला, बिअरला हात लावला नाही, क्वार्टर किमान 205 वर गेली. तरीही अल्कोहोलच्या हिशोबानं दोनशेच्या आसपासच्या बिअरपेक्षा क्वार्टरच स्वस्त पडते. आणि ज्याला 205 झेपत नाहीत, तो बिअरकडे येणार नाही, 80 रुपयांच्या देशीकडे जाणार.

मामांचं तेच झालं. शेवटच्या काही वर्षांत कंपनीत ओव्हरटाइम बंद झाला, बाटली महागली आणि ते देशीवर गेले. मामी काही बोलली नाही, फक्त ती आतल्या खोलीत जाऊन बसायची. बिअर असायची तेव्हा दोघं ओट्यावर बसून शेंगदाणे खायचे, मामीचं माहेरपुराण चालायचं. देशी आल्यावर ते सगळं गेलं. लिहिताना राग उतरलाय माझा, नुसतं वाईट वाटतंय.

म्हणून लोकांची जीभ सुधारायला निघू नका. कर सरळ अल्कोहोलवर लावा, माइल्ड स्ट्राँगच्या निम्म्या भावात मिळू दे, गावातल्या बिअर शॉपीतसुद्धा. मग बघू वाळूजच्या गेटवर लोक काय उचलतात.