मार्चमधलं पावसाळी गटार

नमस्कार काका,

आमच्या तळ्यातले मासे गटारात सोडलेल्या पाण्यानं मेले असावेत, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "तीस वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाना चालवतोय. मासे मेले की खापर आमच्यावर. प्रयोगशाळेचा अहवाल आहे का? निर्माल्य आणि साबणाचं पाणी कोण सोडतं?"

निर्माल्याचं आणि साबणाचं मान्य. त्यानं शेवाळ माजतं, ते रात्री पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं आणि पहाटे मासे श्वासासाठी वर येतात. हे लेखात राहिलं होतं, आज घातलं.

पण त्या पहाटे मी जे पाहिलं ते शेवाळाचं काम वाटत नाही. मार्च महिना, पावसाचा थेंब नाही, आणि तळ्याला मिळणारं पावसाळी गटार भरून वाहत होतं. पाणी विटकरी, काठावर हात धरला तर ऊब लागत होती, वास थिनरसारखा. सकाळी तरंगत होती ती चिलापी. घाणेरड्या पाण्यातही तग धरणारा मासा हा! शेजारच्या आजी याच गावात जन्मल्या. त्या एवढंच म्हणाल्या, "चिलापी मेली म्हंजे पान्यान कायतरी सोरलाय."

कारखान्याचं सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्राकडे, म्हणजे अनेक कारखान्यांचं पाणी एकत्र स्वच्छ करतात तिथे जातं ते वेगळ्या वाहिनीनं, हे तुम्ही जाणताच. पावसाळी गटार मार्चमध्ये कोरडं ठणठणीत असायला हवं.

आता अहवालाचं. मी बाटलीत भरलेलं पाणी कोर्टात उभं राहत नाही. १९७४ च्या जल कायद्याप्रमाणे प्रदूषण मंडळाच्या अधिकाऱ्यानं कारखानदाराला तिथल्या तिथे नोटीस द्यायची, नमुना त्याच्यासमोर दोन भागांत वाटायचा, सीलबंद करायचा, दोघांनी सही करायची. नियम योग्यच आहे, त्यात तुमचंही रक्षण आहे. पण रात्री दोनला सोडलेलं पाणी त्यासाठी थांबत नाही. म्हणूनच मी कुणाचंही नाव लिहिलेलं नाही, आणि म्हणूनच गप्पही बसणार नाही.

एक विचारते. नदी-तळ्यात सोडायच्या सांडपाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजताना पाण्यातला किती ऑक्सिजन खाते त्याचं माप, लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत ठेवायचा, तर खर्च येतो. तुम्ही तो करत असाल. गुपचूप गटारात सोडणारा तो वाचवतो आणि तुमच्यापेक्षा स्वस्तात माल विकतो. मग माझ्या लेखाचा राग तुम्हाला का यावा?

रविवारी सकाळी सातला आम्ही काही जण तळ्यापासून गटाराच्या कडेनं वर चालत जाणार आहोत. कुठलं चेंबर कुठे जोडलंय हे आम्हाला कळत नाही, तुम्हाला कळेल. याल का?