‘तोंड आलंय? गोळ्या बंद करा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

पारा ४० च्या वर गेला की सोलापुरात घरोघरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. म्हणणं थोडक्यात असं: शुगर, संधिवात असल्या जुन्या दुखण्यांत तोंड येतं ते गोळ्यांच्या उष्णतेनं. आठवडाभर गोळ्या बंद ठेवा, फोडांवर लवंगतेल लावा, दुखेल तिथं मिश्री धरा आणि दातांच्या डॉक्टरकडे जाऊ नका, शुगरवाल्यांची जखम भरत नाही. मला आमवात आहे, संधिवाताचाच एक प्रकार. तोंड आल्यावर पाण्याचा घोटसुद्धा कसा झोंबतो ते मी जाणते, म्हणूनच हे लिहितेय.

उन्हानं तोंड कोरडं पडतं, खरं आहे. पण आमवातात लाळ कमी होऊ शकते, बीपीच्या काही गोळ्यांनीही होते. शुगर वाढलेली असली की तोंडात बुरशी धरते, पांढरे चट्टे येतात, आग होते. सब्जाचं पाणी पिऊन बुरशी जात नाही.

सगळ्यात घातक सल्ला गोळ्या मनानं बंद करण्याचा. आमवातात बऱ्याच जणांना मेथोट्रेक्सेट असते, आठवड्यातून एकदाच घ्यायची. नव्या पेशी बनायला लागणाऱ्या फॉलिक अ‍ॅसिडचं काम ती अडवते. तोंडातलं अस्तर सतत नवं होत असतं, त्यामुळे फटका तिथं लवकर दिसतो. म्हणून तर डॉक्टर फॉलिकची गोळीही लिहून देतात, बहुधा वेगळ्या वारी. तोंड आलं की आधी बघा, फॉलिकची गोळी घेतली जातेय ना. दोन्ही गोळ्या बऱ्याचदा बारीक आणि पिवळ्या असतात. अदलाबदल होऊन मेथोट्रेक्सेट रोज पोटात गेली तर जिवावर बेततं. आमच्याकडे तिच्या पाकिटावर मार्करनं ठळक ‘रविवार’ लिहिलेलं असतं आणि फॉलिक दुसऱ्याच डब्यात.

फोड खूप असतील तर मेथोट्रेक्सेटचा पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. सोबत ताप, घसादुखी किंवा अंगावर निळे डाग असतील तर त्याच दिवशी दाखवा, रक्त तपासावं लागतं. डोस थांबवायची वेळ कधी येतेही, पण ती डॉक्टर ठरवतील. आणि बरेच दिवस चालू असलेलं स्टिरॉइड तर एकदम तोडूच नका. बीपी कोसळून माणूस आडवा होतो.

लवंगतेल निखळ लावलं तर फोडाभोवतीची चांगली कातडीही भाजते. त्यापेक्षा पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या करा. दुखणं फार असेल तर जेवणाआधी लावायचं बधिर करणारं जेल डॉक्टरांकडून लिहून घ्या. मेडिकलमधून पेनकिलर मात्र मनानं आणू नका, मेथोट्रेक्सेटवर असताना किंवा किडनीचा त्रास असताना ती महागात पडू शकते. शेंगाचटणी काही दिवस बाजूला ठेवावीच लागते, त्याचं मलाही वाईट वाटतं. पण कडक भाकरी सोडायची गरज नाही. बारीक मोडून कोमट दुधात घाला, झाकून ठेवा, टोचणारे कोपरे पार मऊ पडले की निवू द्या आणि मग खा.

दातांच्या डॉक्टरबद्दल तर अगदी उलटं आहे. हिरड्या सुजून पू धरला की शुगर आणखी चढते, उपचार केले की तीन महिन्यांची सरासरी शुगर उतरायलाही मदत होते. शुगर आटोक्यात असेल तर दातही काढता येतो. जाताना सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या. रक्त पातळ करायची गोळी किंवा हाडांसाठी इंजेक्शन चालू असेल तर खुर्चीत बसण्याआधीच सांगा.

राहिली मिश्री. ती भाजलेली तंबाखूच. दात दुखतो म्हणून लावायला लागलेल्या आणि पुढं न सुटलेल्या कितीतरी बायका आपल्या आजूबाजूला आहेत. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला बहुधा दुखतही नाही, त्यामुळे ‘आता दुखत नाही, बरं झालं’ हा हिशेब इथं चालत नाही. दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा पुसून न जाणारा पांढरा-लाल चट्टा दिसला, तर सिव्हिलला किंवा जवळच्या दातांच्या डॉक्टरला दाखवा, मग तुम्ही मिश्री लावत असा वा नसा.