छाननीत अर्ज टिकला म्हणजे सदस्यत्व टिकलं असं नाही

ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागल्या की गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच: ‘सातवी पास नसेल तर अर्ज बाद. पॅनेलला पक्षाचा एबी फॉर्म लागतो. तिसरं मूल दत्तक दिलं की प्रश्न मिटला. घरपट्टीचा रुपया थकला तरी संपलं. पडलात तर खर्चाचा हिशेब द्यायचा नाही. आणि छाननीतून अर्ज सुटला की पाच वर्षं कुणी हात लावत नाही.’ महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर यातलं एकही वाक्य जसंच्या तसं खरं नाही. शेवटचं तर सगळ्यात महागात पडणारं.

सातवीची अट 1 जानेवारी 1995 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच आहे. शाळेची पायरी न चढलेली साठीतली आजी आजही उभी राहू शकते. वय 21 पूर्ण हवं आणि नाव त्या गावाच्या मतदार यादीत हवं, एवढं मात्र सगळ्यांना लागू. एबी फॉर्म, म्हणजे पक्षाने दिलेलं अधिकृत उमेदवारीचं पत्र, त्याचं तर विचारूच नका. ग्रामपंचायत पक्षचिन्हावर लढवलीच जात नाही. पॅनेलमागे पक्ष कुणाचा हे सगळ्या गावाला ठाऊक असतं, कागदावर चिन्ह मुक्तच, म्हणजे कुठल्याही पक्षाचं नसलेलं.

मुलांच्या बाबतीत घोळ जास्त. 12 सप्टेंबर 2001 नंतर झालेल्या अपत्यामुळे संख्या दोनच्या वर गेली तर उमेदवार अपात्र. एक मूल आहे आणि दुसऱ्या बाळंतपणात जुळी झाली, तर ती जुळी एकच धरतात. उलटं झालं, म्हणजे आधी जुळी आणि मग आणखी एक, तर ती सवलत नाही. कायद्यातल्या ‘अपत्य’ या शब्दात दत्तक घेतलेलं मूल येत नाही, म्हणून लोक समजतात की दिलेलंही मोजत नाहीत. पण जन्म देणाऱ्यांच्या खात्यातून ते वजा होत नाही. ओडिशातल्या एका सरपंचाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये हेच सांगितलं.

थकबाकीचं कलम मेसेजपेक्षा सौम्यही आहे आणि कडकही. अपात्र ठरायला नुसती बाकी असून भागत नाही: कराचं बिल रीतसर बजावलेलं हवं आणि त्यानंतर तीन महिने पैसे भरलेले नसावेत. अर्ज भरण्यासाठी ठरलेल्या दिवसाआधी भरणा केला तर अपात्रता उरत नाही. पण एकत्र कुटुंबात एकाने थकवलं तरी सगळे अडकतात, आणि इथेच बरेच जण फसतात. आपल्या नावची पट्टी भरलेली असते, चुलत्याच्या नावची राहिलेली असते. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) नमुना 9 मध्ये, म्हणजे कर मागणीच्या नोंदवहीत, घरातल्या सगळ्या खात्यांची मागणी पाहा, भरा, आणि नमुना 10 ची पावती हातात घेतल्याशिवाय उठू नका. ‘नंतर देतो’ ही पावती नव्हे.

खर्चाचा हिशेब जिंकलेल्याने, पडलेल्याने आणि बिनविरोध आलेल्यानेही द्यायचा असतो, निकालानंतर 30 दिवसांत. चहाचं बिल शून्य असलं तरी. नाही दिला तर राज्य निवडणूक आयोग पाच वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. पुढच्या वेळी हुरूप आला तरी उपयोग नाही.

आता छाननी. निवडणूक निर्णय अधिकारी त्या दिवशी समोर आलेले कागद आणि हरकती पाहतो. गावात फिरून चौकशी करत नाही. अपात्रतेचा अर्ज नंतरही जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येतो, आणि विरोधक तेव्हा निवांत तयारीने येतो: तिसऱ्या मुलाचा जन्मदाखला, शाळेच्या रजिस्टरचा उतारा, शौचालय नसलेल्या घराचे फोटो. राखीव जागेवर जात पडताळणी समितीकडच्या अर्जाची पोच आणि हमीपत्र देऊन निवडून आलेल्याने जातवैधता मुदतीत आणली नाही, तर तीही जागा जाते.

सरकारी जागेवरचं अतिक्रमण तर घराण्यात मुरलेलं असतं. ‘मी नाही केलं, सासऱ्यांनी केलं’ हा बचाव ग्रामपंचायत सदस्य जनाबाई यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मोडीत काढला: केलेलं कुणीही असो, त्यात राहत असाल तर अपात्र. म्हणून अर्ज भरण्याआधी आपल्या घराचा नमुना 8 चा, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीचा, उतारा काढा. मालकाच्या रकान्यात शासन आणि भोगवटादाराच्या रकान्यात घरातलं नाव असेल, तर तक्रारदाराचं अर्धं काम ग्रामपंचायतीनेच करून ठेवलेलं आहे.