‘सीए-१२५’च्या आकड्याविषयी फिरणारा संदेश

रत्नागिरी-सिंधुदुर्गातील महिलांच्या व्हॉट्सॲप समूहांवर फिरणारा एक संदेश सांगतो की, रक्तातील सीए-१२५ (अंडाशयाच्या कर्करोगात अनेकदा वाढणारे एक प्रथिन) पस्तिसाच्या खाली असल्यास अंडाशयाचा कर्करोग नाही, वर असल्यास आहे. आणि उपचार झालेल्या बाईने दरमहा तपासणी करून आकडा चढताच केमो घेतली तर आयुष्य वाढते. यातले एकही विधान जसेच्या तसे खरे नाही.

पहिल्या टप्प्यातील सुमारे निम्म्या रुग्णांत हा आकडा वाढलेलाच नसतो. उलट पाळी, गर्भारपण, फायब्रॉइड (गर्भाशयातील साध्या गाठी), एन्डोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणे), यकृताचे आजार यांतही तो वाढतो. पोटाच्या क्षयात तर पोटात पाणी होऊन आकडा कित्येक शेकड्यांत जातो आणि कर्करोगाचाच भास होतो. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक महिलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले, तेव्हा अशा सरसकट तपासणीने मृत्यू घटल्याचे दिसले नाही.

सर्वाधिक नुकसान तिसरे विधान करते. पहिल्या उपचारानंतर आजार आटोक्यात आलेल्या, पण पुढे आकडा सामान्य मर्यादेच्या दुपटीहून वर गेलेल्या ५२९ महिलांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना लगेच केमो दिली, उरलेल्यांना त्रास दिसू लागल्यावर. पहिल्या गटाची केमो जवळपास पाच महिने आधी सुरू झाली, तरी आयुर्मान दोन्हीकडे सारखेच राहिले, आणि त्या गटाचे रोजचे जगणे मात्र लवकर खालावले. गुहागर किंवा मालवणहून मुंबईत परळच्या कर्करोग रुग्णालयात खेपा घालणाऱ्या बाईसाठी ते पाच महिने फार मोलाचे आहेत, असे मला ठामपणे वाटते. अर्थात, दुसरी शस्त्रक्रिया शक्य असलेल्या काही रुग्णांत आजार परतल्याचे लवकर कळणे उपयोगी ठरू शकते; म्हणून तपासणी किती वेळा करायची, हे तिच्या डॉक्टरांनी तिच्याशी बोलून ठरवावे.

केमो चालू असताना आकडा उतरतो आहे का, हे पाहायला ही तपासणी खरोखरच उपयोगी आहे, मात्र निदानाच्या वेळी तो वाढलेला असेल तरच. नमुना दर वेळी एकाच लॅबकडे जावा, कारण किट बदलले की आकडाही बदलतो: चिपळूणच्या एका लॅबचे २८ आणि मुंबईतील दुसऱ्या लॅबचे ४१ शेजारी ठेवून आजार वाढला असे म्हणता येत नाही. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे तो चढलेला राहू शकतो. पोट फुगणे, दोन घासांत पोट भरणे, वारंवार लघवीला जावे लागणे असा त्रास टिकून राहिला, तर रिपोर्ट नॉर्मल असला तरी पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.