एसीत बसून लिहिलेलं उत्तर

मागच्या लेखात लिहिलं होतं की मगरीचं पिल्लू नर होणार की मादी, हे अंड्याभोवतीची वाळू किती तापते त्यावर ठरतं, आणि उन्हाळे असेच चढत गेले तर कृष्णेतल्या मगरींचं गणित बिघडेल. त्यावर 'कृष्णाकाठचा शेतकरी' या टोपणनावानं प्रतिक्रिया आली. तिचा मजकूर थोडक्यात असा: 'डायनासोर मेले, मगर राहिली. तिला दोन अंशांनी काय होतंय? प्राणी आपापलं जुळवून घेतात. एवढीच काळजी असेल तर अंडी उचलून सावलीत ठेवा. खरा प्रश्न वाळूउपशाचा आणि आमच्या जिवाचा आहे. फोटोसुद्धा चुकीचा लावलाय. एसीत बसून मगरींची काळजी करू नका.'

आधी फोटोचं. आपलं बरोबर आहे. तो खाऱ्या पाण्यातल्या मगरीचा होता. आपल्या नदीतल्या मगरीचं तोंड रुंद, बोथट असतं, फोटोतलं तसं नव्हतं. चूक माझी, आभार. पण फोटो चुकला म्हणून मजकूर चुकला असं होत नाही, आणि आपण नेमकं तसंच सुचवता आहात.

आता एसी. मतभेद असावेत, जरूर असावेत, पण ज्याला आपण ओळखत नाही त्याच्या घरात कुठलं यंत्र आहे यावर बोलायची ही कुठली पद्धत? सांगलीजवळ भिलवडी ते डिग्रज या कृष्णाकाठच्या पट्ट्यातले बावीस उन्हाळे मी मोजतोय, याहून जास्त स्वतःबद्दल सांगायची माझी इच्छा नाही. आपण शेतकरी आहात, मान आहे. पण काठावर राहणं आणि काठ वाचता येणं यात फरक असतो, हे आपल्यालाही ठाऊक असेल.

'डायनासोर मेले, मगर राहिली.' हे वाक्य मी दर दोन महिन्यांनी कुणाकडून तरी ऐकतो, म्हणून यावरच सविस्तर लिहितो. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी डायनासोर गेले, हे खरं. पण त्या काळाच्या आसपास मगरींच्या नात्यातले प्राणी आजच्यापेक्षा कितीतरी तऱ्हांचे होते. पूर्ण जमिनीवर राहणारे होते, पाला खाणारेसुद्धा होते. मादागास्करमध्ये बसक्या तोंडाचा तसा एक प्राणी सापडलाय. त्यातले बहुतेक संपले. उरल्या त्या पाण्याकाठी दबा धरून बसणाऱ्या मोजक्या शाखा. म्हणजे अख्खं गाव वाहून गेलं आणि एक वाडा उरला, तर 'गावाला काही झालं नाही' असं आपण म्हणतोय.

दुसरं, वेग. सुमारे 5.6 कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी पाच ते आठ अंशांनी तापली होती. त्यानंतरच्या उष्ण काळात मगरींचे भाईबंद पार उत्तर ध्रुवाजवळ पोचले होते. पण ती वाढ काही हजार वर्षांत झाली, आणि वाटेत ना धरण होतं ना ऊसाचा फड. आता साधारण दीडशे वर्षांत एक अंशाहून जास्त वाढ झालीय, आणि त्यातली बरीचशी गेल्या पन्नास वर्षांतली. आपली मगरीण पहिल्यांदा अंडी घालते ती सहा-सात वर्षांची झाल्यावर, नर तयार व्हायला दहाएक वर्षं लागतात. पन्नास वर्षांत पिढ्या होणार पाच-सहा. एवढ्यात रक्तातून बदल उतरायचा म्हणजे कठीणच. चिलटाचं जमेल, मगरीचं नाही.

मग 'जुळवून घेणं' म्हणजे मगर करते काय? स्वतःच्या अंगापुरतं ती छान करते. ऊन चढलं की पाण्यात, थंडीत काठावर, तोंड वासून डोकं गार ठेवणं, दरडीत बीळ खणून आत पडून राहणं. अंड्याला यातलं काहीच करता येत नाही. मगरीला माणसासारखी लिंग ठरवणारी गुणसूत्रं नसतात. मद्रासच्या मगर उद्यानातल्या अंड्यांवर झालेलं काम 1989 साली प्रसिद्ध झालं: 28 ते 31 अंशांच्या स्थिर तापमानात सगळ्या माद्या, 32.5 ला सगळे नर, आणि 33 ला पुन्हा मिसळ. त्याच्या वर गेलं की पिल्लांत व्यंगं येतात, गर्भ मरायला लागतात. (कोकणातल्या कासवांचं उलट. तिथं ऊन वाढलं की माद्या वाढतात. दोन्ही एकत्र करून 'शास्त्रज्ञांचं काही ठरत नाही' असं म्हणू नये.) तेव्हा आपले 'दोन अंश' मगरीच्या हिशेबात सगळ्या माद्या की सगळे नर, इतके मोठे आहेत.

नर वाढले तर बिघडलं कुठं, असंही कुणी म्हणेल. एक नर अनेक माद्यांना पुरतो, पण घरटी किती होणार ते माद्यांच्या संख्येवर ठरतं. त्यामुळं मगरी दिसत राहतील, मोबाईलवर व्हिडिओ येत राहतील, आणि घरटी कमी झालेली कळायला दहा-पंधरा वर्षं जातील.

मादीच्या हातात तीन गोष्टी: कधी घालायची, कुठं घालायची, किती खोल. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये ती हातभर खोल खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते आणि पायानं वाळू चेपून ठेवते. एप्रिलच्या दुपारी वरच्या वाळूवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. पण ती धग वाळूतून सावकाश उतरते. फूटभर खाली दिवसभरातला चढउतार अंश-दीड अंशाचा उरतो, आणि दुपारचं ऊन तिथं मध्यरात्रीच्या सुमाराला पोचतं. ओलसर मळी (कारखान्याची नव्हे, नदीची) त्यामानानं कमी तापते, कोरडी रेती जास्त तापते. लिंग ठरतं ते उबवणीच्या मधल्या तिसऱ्या हिश्शात, म्हणजे साठ दिवस धरले तर साधारण विसाव्या ते चाळिसाव्या दिवशी. त्यातच चार दिवस वळीव कोसळला तर निकाल फिरू शकतो. लवकर अंडी घातली तर थोडं गार मिळेल, पण काठ त्या जागी तसाच हवा. खोल जावं तर खाली नदीचं पाणी. धरणातून पाणी सुटून पातळी फूट-दोन फूट चढली की कवचाची छिद्रं बुजतात आणि अंडी आत गुदमरतात. 'आपापलं जुळवून घेतात' हे तीन शब्दांत लिहिता येतं. मादीला ते दोन हात रुंद वाळूच्या पट्ट्यावर करायचं असतं.

घरट्यातलं तापमान मोजायचं तर घरटं उघडायचं नसतं. वनखात्याची परवानगी घेऊन, घरट्यापासून मीटरभर दूर, तशाच वाळूत, तेवढ्याच खोलीवर नाण्याएवढा तापमान-नोंदक पुरायचा. आधी मेणानं बंद करायचा, नाहीतर ओल शिरून आठवड्यात मरतो. वाळू चेपायची, पोकळी राहिली की आकडे खोटे येतात. नोंद अर्ध्या तासानं. आणि नुसती सरासरी काढून थांबू नये: दोन जागांची सरासरी सारखी असली तरी जिथं चढउतार जास्त, तिथं गर्भ उष्ण तासांतच जास्त वाढतो, म्हणून त्याच्या दृष्टीनं ती जागा जास्त गरम. मागच्या लेखात हे सगळं होतं. बहुधा फोटोपर्यंतच वाचलं असावं तुम्ही.

अंडी उचलून सावलीत ठेवा, म्हणता. घातल्यापासून दिवसभरात गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला आतून चिकटतो. नंतर अंडं उलटं झालं की तो मरतो. उचलणारा जाणकार आधी वर पेन्सिलीनं खूण करतो आणि तशीच ठेवतो. कुणी उत्साही माणसानं टोपलीत भरून आणली तर ती संपली. शिवाय मगर 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तेव्हा असला सल्ला जाहीर देताना जरा जपून.

वाळूउपसा, ऊस पार पाण्यापर्यंत, माणसांवरचे हल्ले: हे विषय आहेतच, नाही कोण म्हणतंय? उपशामुळं मादीला उतार सापडत नाही हे मलाही मान्य. पण तो वेगळा लेख होईल, आणि 'खरा प्रश्न तो' म्हणून हा प्रश्न खोटा होत नाही.

फोटो आज सकाळी बदललाय.