माउंटवर लिहिलेले २० किलो फोटोसाठी नसतात

आकाशनिरीक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: “गोटू माउंटवर २० किलो लिहिलंय ना, मग २० किलोपर्यंत काहीही लावा. तारा आयपीसमध्ये अर्धा तास टिकला की ट्रॅकिंग पास. बाकी ऑटोगायडर सांभाळतो.” गोटू माउंट म्हणजे दुर्बीण पेलणारा, ती हव्या त्या ताऱ्याकडे मोटरने वळवणारा आणि ताऱ्यामागे फिरवत ठेवणारा (हेच ट्रॅकिंग) स्टँड. आयपीस म्हणजे डोळा लावायचं भिंग, आणि ऑटोगायडर म्हणजे ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक सुधारणारा छोटा कॅमेरा. लोक त्या मेसेजवर विसंबून लाखाच्या वरची खरेदी करताहेत, म्हणून राहवलं नाही.

आधी वजन. छापलेल्या आकड्यात काउंटरवेट, म्हणजे दुर्बिणीचा तोल साधणारी वजनं, सहसा धरत नाहीत. दुर्बीण, कॅमेरा, रिंगा, गाइडस्कोप (ऑटोगायडरची छोटी दुर्बीण) हे सगळं मात्र धरायचं. एवढं ओझं माउंट फिरवू शकतो, इतकाच त्या आकड्याचा अर्थ. नुसतं बघायला तो जवळपास पुरतो. फोटोसाठी मुरलेली माणसं निम्म्यावर, फार तर दोन-तृतीयांशावर थांबतात. शिवाय आकार बघावा लागतो. आठ किलोची आखूड श्मिट-कॅसेग्रेन अक्षाला बिलगून बसते, तेवढ्याच वजनाची मीटरभर न्यूटोनियन नळी दोन्हीकडे पसरते. वजन अक्षापासून दुप्पट लांब गेलं की त्याचं जडत्व चौपट होतं.

घोडबंदर रोडला आमच्या गच्चीवर डिसेंबरात अशी लांब नळी २० किलोवाल्या माउंटवर चढवली, सगळं मिळून १५ किलो. नळीला टिचकी मारून मोजलं, तर तारा स्थिरावायला पाच सेकंद लागले. खाडीकडून वारा सुटला, मग टिचकीचीही गरज उरली नाही. त्याच माउंटवर छोटी दुर्बीण दीड सेकंदात शांत. घेण्याआधी ही टिचकी माराच. दिवसा लांबच्या इमारतीवरचा अँटेना धरलात तरी चालतं.

आता अर्धा तास टिकणारा तारा. १००० मिमी फोकल लेंग्थला २५ मिमीचा साधा आयपीस लावला की सव्वा अंश, म्हणजे ४५०० आर्कसेकंद आकाश दिसतं. त्यात तारा २० आर्कसेकंद मागेपुढे झाला तर डोळ्याला पत्ताही लागत नाही. पण ३.७६ मायक्रॉन पिक्सेलच्या कॅमेऱ्यात एक पिक्सेल म्हणजे ०.७८ आर्कसेकंद. तोच तारा तिथे सुमारे २६ पिक्सेल भटकतो.

ही डुलणी वर्म गिअरची, म्हणजे माउंटचं दातेरी चाक फिरवणाऱ्या स्क्रूसारख्या दांड्याची. १८० दात्यांच्या चाकात वर्मची एक फेरी सुमारे ४७९ सेकंदांची असते, आणि दर फेरीला तीच चूक परत येते. तपासायचं तर गायडिंग बंद ठेवून मृगाच्या बाणातला मिंटाका धरा, तो जवळजवळ खगोलीय विषुववृत्तावरच आहे. ठाण्याच्या उजेडात लांब एक्स्पोजर पांढरं पडतं, म्हणून पाच-पाच सेकंदांचे फोटो सलग दहा मिनिटं घ्या. तारा पूर्व-पश्चिम डुलला तर दोष वर्मचा. उत्तर-दक्षिण एकाच बाजूला सरकत गेला तर ध्रुवाची जुळणी, म्हणजे माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखणं, चुकली, आणि आपल्याकडे ती चुकतेच, कारण ध्रुवतारा जेमतेम १९ अंशांवर, बहुतेक वेळा समोरच्या टॉवरामागे. विकणाऱ्याने दोन मिनिटांचा फोटो दाखवला, तर पुढच्या सहा मिनिटांचेही मागा, म्हणजे वर्मची पूर्ण फेरी दिसेल.

राहिला ऑटोगायडर. तो चूक दिसल्यावर दुरुस्त करतो. वर्मची संथ डुलणी त्याला जमते, वाऱ्याचा झटका नाही. आणि गाइडस्कोप मुख्य नळीपासून वेगळा वाकत असेल तर त्याला काही कळतच नाही. आमचा गायडिंगचा आलेख छान सरळ होता, तरी फोटोत तारे जिऱ्यासारखे लांबट. शेवटी गाइडस्कोपच्या रिंगेचा एक स्क्रू ढिला निघाला.