बाहेरचाच घाला म्हणे

मामीच्या खुब्यावरून आमच्या फॅमिली ग्रुपवर आठवडाभर खडाजंगी चालू आहे. बसवायचा कृत्रिम सांधा देशी की इम्पोर्टेड? 'पैशाकडे बघू नका, बाहेरचाच घाला,' हा आतेभावाचा निकाल. वर मलाच साक्षीला ओढलं.

अरे दादा, मी इंग्लंडात लीड्समध्ये राहतो. ज्या एएसआर नावाच्या खुब्याच्या सांध्याने जगभर घोळ घातला तो इथल्याच डीप्यू कंपनीचा. धातूवर धातू घासून कोबाल्ट-क्रोमियमचे कण रक्तात उतरायचे, आजूबाजूचे स्नायू सडायचे. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने माल परत बोलावला, तेव्हा पाच वर्षांच्या आत आठातल्या साधारण एका रुग्णाचा सांधा बदलावा लागत होता. भारतात असे सुमारे ४,७०० बसवले होते. सगळे बाहेरचे!

खोट आधी दिसली ती ऑस्ट्रेलियाच्या रजिस्ट्रीत, म्हणजे बसवलेल्या सांध्यांच्या देशभरच्या नोंदवहीत. तिथली विक्री २००९ मध्येच थांबली. इंग्लंडमध्येही २००३ पासून कुणाला कुठला सांधा बसवला याची नोंद होते, त्यामुळे रुग्णांना शोधून पत्रं पाठवता आली. आपल्याकडे महाराष्ट्राच्या एफडीएने, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाने, पोलिसांपर्यंत प्रकरण नेलं, हे अभिमानानेच सांगतो. केंद्राने २०१८ मध्ये ३० लाखांपासून सव्वा कोटीच्या आसपास भरपाईही ठरवली. पण ती द्यायची कुणाला? बहुतेक रुग्णांचा पत्ताच लागला नाही.

म्हणून ग्रुपवर एवढंच लिहिलं, की सांधा कुठलाही घाला, त्याचा लॉट नंबर, म्हणजे खेपेचा क्रमांक, असलेला स्टिकर मामीच्या फाइलला लावून घ्या. उत्तर आलं, 'तिकडचं शहाणपण इकडे नको.'

झोंबलं. कारण इथे तरी मी कुठे यांच्यातला आहे? कोविडमध्ये जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, दिलेल्या ऑक्सिमीटरवर ९६ वाचून मी निवांत झोपायचो. तो सावळ्या बोटावर ऑक्सिजन आहे त्याहून जास्त दाखवू शकतो, असा इशारा इथल्या सरकारने नेमलेल्या समितीने २०२४ मध्ये दिला. हे मात्र मी ग्रुपवर लिहिलं नाही. आतेभावाला आयतं कोलीत कशाला द्या?

आता माझाच गुडघा बोलायला लागलाय आणि इथली वेटिंग लिस्ट हलत नाही. बायको म्हणते, पुण्याला जाऊन करून घे; बहीण डबा देईल, फिजिओ घरी येईल. बहुधा जाईनच. मग इथल्या रजिस्ट्रीत माझ्या गुडघ्याची नोंद नसेल, आणि तिकडे स्टिकरसाठी हटून बसलो की पुन्हा तेच ऐकायला मिळेल.